भाऊजींना उठवतं कोण?

दिवा जरा इकडे सरकवा. समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही, आणि ही गोष्ट सांगताना तर माझ्या मागची भिंतसुद्धा दिसायला हवी. हं, आता ठीक.

सुरुवात अगदी साधी. मी शेजारी बिस्किटांचा रिकामा डबा परत द्यायला गेले होते. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत. पलीकडे भट्टीवाले भाऊजी राहतात. कोपऱ्यावरची पावाची भट्टी त्यांचीच. जग झोपलं की हे पीठ मळायला घेतात, आणि जगाच्या दारात पाव पोचला की दुपारी घरी येऊन आडवे होतात. अंगानं दांडगे, मान इतकी आखूड की कॉलर आणि कान यांची रोज गाठभेट. मनानं मात्र त्यांच्याच पावासारखे. बोट टेकवलं की खळगा पडायचा, सोडलं की पुन्हा फुगून वर.

तुम्ही म्हणाल, ही बाई लोकांच्या घरात फार लक्ष घालते. घालते बाई! शिक्षण बेताचं, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, आणि आमच्या ह्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं की उशाशी तोफ डागली तरी पापणी हलायची नाही. मी बोलायचं कुणाशी? आणि शेजाऱ्याकडे शेजाऱ्यानं नाही लक्ष द्यायचं तर काय, वरच्या मजल्यावरच्या मांजरानं द्यायचं?

तर, भाऊजींचं घोरणं. त्यांच्या खाटेचं उशाकडचं टोक त्या बाजूनं भिंतीला टेकलेलं, माझ्या पलंगाचं या बाजूनं. मध्ये एक वीट. दुपारी मी जरा पाठ टेकली की पलीकडे सुरू. आधी ओलं लाकूड करवतल्यासारखं. मग जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखं. माझ्या फळीवरच्या बशा वाजायच्या. मी उशाशी लाटणं ठेवलं होतं, ते भिंतीवर हाणायचे. धप्प! कधी थांबायचं, कधी नाही. कधी मात्र आपोआप, मध्येच, चाकूनं कापल्यासारखं थांबायचं. बशाही गप्प. मग मी म्हणायचे, सुटले, लागली एकदाची गाढ झोप. सगळे असंच म्हणतात. घोरणं हा त्रास आणि शांतता म्हणजे झोप.

असं न म्हणणारी एकच बाई मी पाहिली. भाऊजींची बायको. आम्ही तिला टेलरताई म्हणायचो. खिडकीतल्या उजेडात दिवसभर शिवत बसलेली असायची. बोटात कायम अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी टोपण. भाऊजी घोरत असले की ताई खुशाल शिवायची. पण घोरणं मध्येच थांबलं की हातातलं शिवण न ठेवताच मागे वळायची आणि खाटेच्या लोखंडी नळीवर ते टोपण वाजवायची. टिण्. जरा थांबून, टिण् टिण्. "अहो, कुशीवर व्हा." की पलीकडून असा हुंदका यायचा, विहिरीतून माणूस वर काढल्यासारखा, आणि करवत पुन्हा सुरू.

मी एकदा चेष्टा केली, "ताई, घोरतात तेव्हा झोपू देता आणि गप्प पडले की उठवता. हा कुठला न्याय?"

ताई दातानं दोरा तोडत म्हणाली, "घोरतात तोवर मला ठाऊक असतं ना, कुठे आहेत ते. गप्प झाले की वाटतं... गेले कुठे?"

ताईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन दूर गेली, जाताना आईचं शिलाईचं यंत्र घेऊन गेली. भाऊजी उरले, त्यांची खाट उरली आणि ताईनं शिवलेले ते जाडजूड पडदे उरले. दिवसा झोपणाऱ्या नवऱ्यासाठी दुहेरी कापडाचे शिवले होते. एकदा ओढले की भर दुपारी खोलीत मध्यरात्र.

तर मी डबा घेऊन दार वाजवलं. भाऊजी झोपेतून ताडकन उठून आले असणार. दार उघडलं, "या वहि..." म्हणाले आणि चौकटीला धरून खाली खाली जायला लागले. डोळे पांढरे. मी डबा टाकला आणि त्यांना धरलं. धरलं म्हणजे काय, पिठाचं पोतं अंगावर घेतलं म्हणा. दोघंही पायपुसण्यावर बसलो.

"काही नाही वहिनी," शुद्ध येताच म्हणाले, "उठलो की अंधारी येते जरा. भट्टीपुढे वाकून ताट ओढलं आणि उभा राहिलो की पण येते. परवा तर भट्टीच्या तोंडातच चाललो होतो. माझ्या माणसानं मागून शर्ट धरला."

"भट्टीच्या तोंडात!"

"शर्ट फाटला," भाऊजी हळहळले. "चांगला होता."

मी तिथूनच त्यांच्या लेकीला फोन लावला. ती बापाचीच मुलगी, पण आवाज आईचा. "काकू, बाबांना आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. ऐकत नसतील तर सांगा, येऊन भट्टीला कुलूप घालते आणि त्यांना उचलून माझ्याकडे आणते." भट्टीला कुलूप म्हटल्यावर भाऊजींचं तोंड न फुगलेल्या पिठासारखं झालं. ती भट्टी बंद म्हणजे हा माणूस संपला, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

डॉक्टरांनी दाब मोजला. आडवं करून मोजला, उभं करून मोजला आणि म्हणाले, यांना झोपवून तपासा. भाऊजी खूश. म्हणाले, "ही एक तपासणी मी अभ्यास न करता पास होईन."

झोपेची तपासणी करणारी बाई लहानखुरी, चुणचुणीत, बोलायला गोड. भाऊजी दिवसा झोपणारे, म्हणून तपासणीही दिवसाच ठेवली. डोक्याला तारा, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. मी बाहेर बाकावर बसले. आटोपल्यावर तिनं मला आत बोलावलं.

"तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण."

"म्हणजे तुम्हाला सगळंच माहीत असणार," ती म्हणाली. मला ती फारच आवडली.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि अशा शब्दांत सांगितलं की माझ्यासारखीच्या डोक्यातही बसलं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो. छाती ओढत राहते, पण वारा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरत जातो. मग शरीर घाबरून बोंब मारतं. नाडी धावते, रक्ताच्या नळ्या आवळतात, माणूस अर्धवट जागा होऊन श्वास ओढतो आणि त्या क्षणी रक्तदाब उडी मारून छपराला लागतो. जरा निवतो न निवतो तोच घसा पुन्हा मिटतो. एका झोपेत असं कितीदा तरी.

"पण मग दाब खाली आणायला कुणी नाही का?" मी विचारलं.

"आहेत की." तिनं स्वतःच्या जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. "इथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पहारेकरी बसलेत समजा. दाबानं भिंत ताणली की ते वर कळवतात, नाडी हळू करा, नळ्या सैल सोडा. आणि तुम्ही झटकन उभ्या राहिलात, दाब पडला, की उलट कळवतात, आवळा, पळा! तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी यायच्या आत काम झालेलं असतं. तुम्हाला पत्ताही नसतो."

"आणि यांचे पहारेकरी झोपले?"

"झोपले नाहीत हो, बधिर झालेत. रोज इतक्यांदा बोंब ऐकली तर कोण दरवेळी धावेल? चढलेला दाब हाच रोजचा, असं धरून चाललेत. म्हणून झोपेत जो उतरायला हवा तो दाब उतरत नाही, आणि उठल्यावर जो सावरायला हवा तो वेळेवर सावरत नाही."

भाऊजी आपली मान चाचपत होते. एवढ्याशा मानेत एवढं सगळं बसवलंय याचं त्यांना कौतुक वाटत असावं.

उपाय होता. एक लहानसं यंत्र, त्याची नळी आणि नाकावर बसणारा मुखवटा. झोपेत मंद वारा आत ढकलत राहायचं, घसा मिटूच द्यायचा नाही. बोंबा थांबल्या की पहारेकरीही हळूहळू शुद्धीवर येतात, ती म्हणाली.

"म्हणजे सोंड लावून झोपायचं," भाऊजी म्हणाले.

निघताना तिनं सहज विचारलं, "घरी यांच्याजवळ कोण झोपतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "एकटेच असतात."

ती जरा घुटमळली. मग पडद्यावर भाऊजींचं झोपेतलं चित्र दाखवलं. श्वास थांबला की भाऊजी मान किंचित वळवायचे. उशापासून एक कान उचलायचे आणि तसेच राहायचे. गाढ झोपेत, डोळे मिटलेले.

"बघा ना," ती म्हणाली. "दरवेळी असंच. काहीतरी ऐकू यायची वाट बघितल्यासारखे. इथे काही ऐकू आलं नाही, म्हणून थांबणं फारच लांबलं. शेवटी मी आत जाऊन हलवलं." मग हळूच म्हणाली, "घरी कुणीतरी नक्की उठवत असणार यांना..."

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी बुटांची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटांना नाडी नसते.

यंत्र घरी आलं. भाऊजींनी त्यावर रुमाल घातला आणि त्याच्यावर रेडिओ ठेवला. पलीकडे करवत चालूच. मी दोन दिवस कळ काढली, म्हणजे माझ्यासाठी ती तपश्चर्याच. मग सरळ जाऊन विचारलं.

"रेडिओला पाट हवा होता का भाऊजी? आमच्याकडे जुना आहे एक."

"सोंडेत गुदमरायला होतं, वहिनी."

"भट्टीत होणार नाही?"

भाऊजी रेडिओवरची धूळ पुसत म्हणाले, "आहे की उठवणारं. चाललंय."

"मी लाटणं हाणते ते? अहो, ते तुम्ही घोरता तेव्हा. गप्प झालात की मी कशाला उठवू?"

"लाटणं धप्प वाजतं," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "ते निराळं."

मी खाटेकडे पाहिलं. जुनी लोखंडी खाट, रंग उडालेला, नळीला सगळीकडे तांबूस गंज. पण उशाकडच्या दांडीवर एका जागी गंज नव्हता. रुपयाएवढी जागा लखलखीत होती, रोज घासल्यासारखी.

"भाऊजी... ही जागा कोण घासतं?"

"वहिनी," ते म्हणाले, "सोंड लावली तर श्वास अडणार नाही. अडला नाही, तर ती कशाला येईल?"

डबा न्यायला आले नव्हते, तरी डबा उचलून घरी आले.

झोप उडाली माझी. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला भास झाला," आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं. वाद संपवायची ह्यांची हीच पद्धत. शेवटी मी ठरवलं, स्वतःच्या कानांनी ऐकायचं. दुसऱ्या दुपारी वाटाण्याच्या शेंगा, दोन बटाटे आणि चाकू घेऊन भाऊजींकडे गेले. म्हटलं, तुम्ही खुशाल झोपा, मी इथे दाराशी शेंगा सोलत बसते. बघू दे तरी कोण येतं ते. भाऊजी हसले, पण नको म्हणाले नाहीत. एकट्यानं बाळगून त्यांनाही जड झालं असावं.

त्यांनी पडदे ओढले. बाहेर रणरणती दुपार होती, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत काळोख. कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, माझ्या मांडीवरच्या शेंगा दिसण्यापुरता. खोलीला पिठाचा आणि आंबलेल्या कणकेचा वास होता. भाऊजी उताणे पडले आणि बघता बघता लागले.

करवत. कपाट. मी सोलतेय. भीती कसली, उलट हसू येत होतं. इतक्या जवळून ते घोरणं म्हणजे आगगाडीच्या इंजिनातच बसल्यासारखं.

आणि थांबलं.

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. भाऊजींची छाती वर ओढली जात होती, पोट आत जात होतं, पण वारा नव्हता. कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखं. त्यांनी मान वळवली. कान उचलला...

वास बदलला. पीठ गेलं. शिलाईच्या यंत्राचं तेल, आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा तो कोरडा वास. ते यंत्र तर केव्हाच लेकीकडे गेलेलं.

टिण्.

माझ्यापासून हातभर अंतरावर. जरा थांबून, टिण् टिण्.

हुंदका आला, श्वास सुटला, करवत सुरू. माझ्या मांडीवरचे वाटाणे घरंगळत खाटेखाली गेले. मला उठून पळायचं होतं, पण पाय म्हणाले, तू जा, आम्ही बसतो.

पुन्हा थांबलं. पुन्हा कान. पुन्हा टिण्... टिण् टिण्. आणि खरं सांगते, दोनचारदा ऐकल्यावर भीती थोडी ओसरली. ओळखीचा आवाज तो. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेला. मी पुटपुटले, "ताई, मी आहे हो. वाटाणे सोलतेय." उत्तर काही नाही. पण खडूचा वास जरा जवळ आल्यासारखा वाटला.

मग माझ्या लक्षात आलं, आवाज उतरत चाललाय. आधी टिण् खणखणीत होता. आता नळीला नख लागल्यासारखा. पुढच्या वेळी तर 'टिण्' झाल्यावर दुसरे दोन आलेच नाहीत. भाऊजींनी कसाबसा श्वास ओढला. मला कुणीतरी दमून टेकल्याचा आवाज ऐकू आला. खुर्ची नव्हती तिथे. दिवसभर वाकून शिवल्यावर बाई पाठ सरळ करते ना, तसा.

आणि मग पुन्हा घसा मिटला. मान वळली, कान उचलला.

मी वाट बघितली.

काहीच नाही...

भाऊजींचे ओठ काळसर दिसायला लागले. कान तसाच उचललेला. नळीवर काही वाजेना. मी म्हटलं, "ताई?... ताई, उठवा की..." माझाच आवाज मला परका वाटला. मग काय झालं मला, उठले, चाकू उलटा धरला आणि त्या लखलखीत जागेवर मुठीकडून हाणला.

तेव्हा माझ्या हातावर दुसरा हात होता.

दाबणारा नाही. लहान मुलीला शिवण शिकवताना ठेवतात ना, तसा वरून ठेवलेला. हलका. आणि माझ्या मधल्या बोटाच्या पेरावर गोल, थंड, पितळी काहीतरी.

टिण्. टिण् टिण्.

"अहो," माझ्या तोंडून निघालं, आणि मी या माणसाला जन्मात कधी अहो म्हटलेलं नाही, "कुशीवर व्हा."

भाऊजी मोठ्यानं श्वास घेत उठून बसले, पाय खाली टाकून उभे राहायला गेले आणि झोकांडी गेली. मी त्यांना धरून पुन्हा बसवलं. "हळू! पहारेकऱ्यांना कळू द्या आधी!" मी ओरडले. पडदा सर्रकन बाजूला केला. ऊन आत आलं. पिठाचा वास परत आला. खोलीत आम्ही दोघंच, आणि जिकडेतिकडे वाटाणे.

मग मी पाणी दिलं आणि म्हटलं, "भाऊजी, ऐकलं मी. खरं आहे."

त्यांचे डोळे भरून आले. "आहे ना? मला वाटायचं, मीच..."

"आहे. पण दमलीय हो ती." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "जिवंत होती तेव्हा उठवत होती. मेल्यावरही तेच करतेय. तुमच्या मानेतले पहारेकरी बधिर झाले, ते निदान पगारी समजा. या बिचारीला सुट्टी नको? आज शेवटी तिचा हात उचलेना, म्हणून माझा घेतला."

भाऊजी त्या चकचकीत जागेवर अंगठा फिरवत राहिले.

"सोंड लावली की ती येणार नाही," ते म्हणाले. या वेळी विचारल्यासारखं नाही, समजल्यासारखं.

"झोपेल," मी म्हटलं. "तुमच्या काळजीनं इतकी वर्षं जिला डोळा लागला नाही, तिला झोपू द्या."

त्यांनी रेडिओ उचलून खाली ठेवला. रुमाल घडी करून खिशात घातला.

पुढचं सगळं मजेचं आहे. पहिल्या दिवशी मुखवटा उलटा लावला आणि वारा कानात गेला. दुसऱ्या दिवशी पट्टे इतके आवळले की गालावर जाळीदार बिस्किटासारखी नक्षी उमटली, आणि भट्टीवर गिऱ्हाइकांनी विचारलं, मालक, स्वतःच भाजून निघालात की काय. पण हळूहळू जमलं. भिंतीपलीकडे करवत थांबली. आता नुसता मंद, सरळ वारा, लांबच्या समुद्रासारखा. तपासणीवाल्या बाईनं पुढे दाब मोजला, उभं करून मोजला आणि म्हणाली, पहारेकरी डोळे चोळायला लागलेत. लेकीनं कुलूप परत ठेवून दिलं. भाऊजी भट्टीपुढे वाकतात, ताट ओढतात, सरळ उभे राहतात आणि गातातसुद्धा. गाणं घोरण्याहून वाईट आहे, पण ते चालायचंच.

एक दिवस त्यांनी मला मुद्दाम बोलावून खाट दाखवली. त्या लखलखीत जागेवर तांबूस छटा आली होती.

"गंज चढला, वहिनी."

"चढू दे," मी म्हटलं. "लागली असेल गाढ झोप."

दोघंही हसलो. डोळे पुसत हसलो, पण हसलोच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही तसंच धरून चालले होते. भिंत शांत, बशा शांत, लाटणं परत स्वयंपाकघरात. दुपारी पाठ टेकली की काय छान झोप लागायची म्हणून सांगू! उताणी, हातपाय पसरून.

परवाच्या दुपारी अशीच झोपले होते. पलीकडे भाऊजी नव्हते. नातवाला बघायला लेकीकडे गेलेत, भट्टी चार दिवस त्यांच्या माणसावर सोपवलीय. मी एकदम दचकून जागी झाले. छाती धडधडत होती, घसा कोरडा, धावत जिना चढून आल्यासारखा श्वास. आणि मी कुशीवर होते. कुशीवर झाले कधी, आठवत नाही. स्वप्न पडलं असेल म्हणून उठले. डोळ्यांपुढे जरा अंधारी आली, तीही उन्हाळ्याची म्हणून सोडून दिली. चहा ठेवला.

तुम्हाला सांगते, मी घोरते की नाही हे मला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. सांगणार कोण? पलीकडच्याच्या घोरण्यात माझं ऐकू कुणाला येणार, आणि घरात हे असे. भाऊजींकडे कान लावून बसलेली मी, माझ्याकडे कान लावायचं कुणाच्या डोक्यात येणार?

चहाचा कप ह्यांच्या हातात दिला. हे आरामखुर्चीत, नुकते डुलकीतून उठलेले. घोट घेतला आणि म्हणाले, "काय गं, मघाशी काय वाजवत होतीस?"

मी मान हलवली. "मी? मी तर झोपले होते."

"काहीतरी वाजत होतं बाई. पितळेचं भांडं ठोकल्यासारखं. टिण्... मग टिण् टिण्." ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आधी हळू होतं. मग जोरात. शेवटी तर इतकं जोरात की म्हटलं, पलंग मोडते की काय ही."

आमचा पलंग लाकडी आहे. खिळासुद्धा लाकडाचा.

मी ह्यांच्या कानाकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. कानाचं यंत्र तिथे डबीत होतं, जेवण झाल्यावर काढून ठेवलेलं, झाकण लावलेलं.

तपासणीवाल्या बाईकडे उद्याची वेळ घेतलीय मी. तोवर कुशीवर झोपते. पण 'आधी हळू, मग जोरात, मग फार जोरात' हे काही डोक्यातून जात नाही हो. म्हणजे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी उठले नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तोवर मी... होते कुठे?

दिवा राहू द्या. जाताना मालवू नका.